गणिताच्या बाईंची नवी चिठ्ठी

प्रिय ठकू,

तू फोनवर हुकूम सोडलास की लहान शहरात राहण्याचे फायदे-तोटे दोन रकान्यांत लिहून पाठव, म्हणजे इकडे परत यायचं की नाही ते आम्हाला ठरवता येईल. लग्न, नोकरी, पिल्लूची शाळा, सगळं तू रकाने पाडूनच ठरवत आलीस. कुणावर गेलीस कोण जाणे, तुझ्या बाबांना तर भाजीची यादीसुद्धा धड करता यायची नाही. मी त्याच दिवशी कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि तो तसाच पडून राहिला. आज दुपारी दुकान बंद केलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि काउंटरवरच लिहायला बसले आहे. अक्षर वेडंवाकडं दिसेल. तब्येत ठणठणीत आहे, उगाच जावईबापूंना गाडी काढायला लावू नकोस. मी घाबरले आहे, एवढंच. इतकी घाबरले आहे की सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा प्यायला विसरले.

आधी फायदे लिहिते, ते सोपे आहेत. इथे कुठूनही कुठेही पंधरा मिनिटांत चालत पोचता येतं. बसवाला मला कोपऱ्यावरून येताना पाहिलं की गाडी थांबवतो आणि आतले लोक कुरकुर करत नाहीत, कारण त्यांच्यासाठीही तो कधीतरी थांबलेला असतो. डॉक्टर स्वतः फोन उचलतात. बाबा गेले त्या दिवशी आपल्या घरात किती माणसं होती ते तुला आठवत असेल. तू चौदा वर्षांची होतीस आणि मागच्या खोलीत दार लावून बसली होतीस. दुकानाचं काय करायचं हे मला सुचत नव्हतं, तेव्हा गणिताच्या बाई आल्या, माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या आणि पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर दुकानातल्या माणसाशेजारी काउंटरवर बसल्या. त्यांना औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुकान बंद पडलं असं कुणाला वाटू नये, म्हणून त्या नुसत्या बसून राहायच्या. पुढे दोन वर्षं तुझे अपूर्णांक त्यांनीच आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडवून घेतले, आणि तू रडलीस की तुझ्याआधी त्याच पाणी प्यायच्या.

तोटे तुला मी काय सांगणार? तू केस कापून आलीस ती बातमी तुझ्याआधी घरी पोचली होती. बसथांब्यावर तू कुणाशी बोललीस हे मला तिघींनी येऊन सांगितलं, आणि तिघींनी वेगवेगळा मुलगा सांगितला. मी तर औषधवाली, सगळ्या गावाचं पोट माझ्या फळ्यांवर. कुणाला झोप लागत नाही, कुणाच्या घरी पाळणा हलायची वाट बघताहेत, कोणता तालेवार माणूस मूळव्याधीचं मलम घ्यायला भाचीला पाठवतो, सगळं मला ठाऊक असतं. मी तोंडाला कुलूप लावून असते म्हणून लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. वीस वर्षांत औषधवालीची चूक झाली नाही, असं लोक म्हणतात. हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

माझी कामाची पद्धत तुला माहीत आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांची औषधं मी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच बांधून ठेवते. पाकिटावर नाव नसतं, खूण असते: शिंपीमामा, बँकवाल्या, कोपऱ्यावरचे आजोबा. माणूस दारात दिसला की पाकीट काउंटरवर आलेलं असतं. मोठ्या शहरात तुला अर्धा तास रांगेत उभं करून चिठ्ठी चार वेळा तपासतात म्हणून तू करवादतेस, आणि मी तुला फुशारकीने सांगायची की आमच्याकडे चिठ्ठी बघावीच लागत नाही, मला माणसं पाठ आहेत.

गेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला बाई आल्या. त्यांचं पाकीट तयारच होतं. त्यात रक्त पातळ करायची गोळी असते, पाच मिलिग्रॅमची, कित्येक वर्षं तीच. बाईंनी चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाल्या, डॉक्टरांनी थोडा बदल केलाय बघ, आणि त्याच दमात विचारलं, ठकू परत येतेय म्हणे? झालं, माझी कळी खुलली. तू येणार, पिल्लू येणार, मागची खोली रंगवून घ्यायची, मी दहा मिनिटं बोलत होते. बोलता बोलता चिठ्ठी बिलांच्या तारेत खोचली आणि पाकीट त्यांच्या पिशवीत टाकलं. चिठ्ठीवर दोनची गोळी लिहिली होती. ठकू, तुझा यात काडीचाही दोष नाही, तो विचार मनात आणलास तर बघ. डोळे माझे होते आणि कागद माझ्या हातात होता.

बारा दिवसांनी बाईंच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. चक्कर येऊन त्या न्हाणीघराच्या दारात पडल्या. सात वाजून गेले तरी त्यांची खिडकी उघडली नाही म्हणून समोरच्या काकू धावल्या, त्यांच्याकडे किल्ली असते. तुझ्या त्या चौदाव्या मजल्यावर कुणाला कधी कळलं असतं, देव जाणे. बाई वाचल्या. सहा दिवस दवाखान्यात काढून घरी आल्या, आता हिंडू-फिरू शकतात, डोक्याला टाके आहेत तेवढे.

डॉक्टरांना कळेना की दोनची लिहून दिल्यावर एवढं रक्त पातळ झालं कसं. बाईंच्या पुतण्याने घर धुंडाळलं तर कपाटात पाचच्या पट्ट्या मिळाल्या. बाई म्हणाल्या, पाकिटातून आल्या त्याच घेतल्या मी. त्यावर डॉक्टर हसले म्हणे. औषधवाली चुकणं शक्य नाही, जुन्या उरलेल्या गोळ्या असतील, या वयात होतो घोटाळा, असं म्हणाले. पुतण्याने मान डोलावली. समोरच्या काकूंनी मान डोलावली. शेवटी बाईच म्हणाल्या, मग मीच चुकले असेन. ज्या बाईने आयुष्यात बेरजेत एकाची चूक केली नाही, तिला तिघांनी मिळून पटवून दिलं की तिचं डोकं आता चालत नाही.

तोवर मला खरंच काही माहीत नव्हतं, तुझी शपथ. तारेवरचे कागद आवरताना ती चिठ्ठी हातात आली, त्या दिवशी बाई नुकत्याच घरी आल्या होत्या. मी शटर ओढून ती घरी आणली. नंतर स्वयंपाकघरात गेले आणि गॅस पेटवला, ठकू. चिठ्ठी जाळायला पेटवला होता. किती वेळ उभी होते कोण जाणे, कागदाचं टोक पिवळं पडलं आणि मी हात मागे घेतला. चिठ्ठी जपून ठेवली आहे. पण जाळली नाही म्हणजे मी फार मोठं काही केलं असं नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते त्याहून वाईट होतं. मी सूपचा डबा घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, तू तर मला रोज बघतेस, खरं सांग, माझं काही बिघडलंय का गं? आणि मी म्हणाले, वय झालं की होतं असं, मनाला लावून घेऊ नका. माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मलाच माझी भीती वाटली.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं, बातमीला इथे पाय लागत नाहीत. बाईंकडे अजून पाच मुलं गणित शिकायला यायची. चौघांच्या आयांनी गुपचूप पाठवणं बंद केलं. एकीने मला दुकानात येऊन सांगितलं, वाईट वाटतं हो, पण बाईंना आता भान राहिलेलं नाही. उरलेल्या पाचव्या आईची मुलगी परवा बाईंनी शिकवलेलं उत्तर शाळेत पुन्हा तपासून घेत होती. बाई आता शेगडी बंद केली का ते तीनतीनदा उठून बघतात. गोळ्या घ्यायला समोरच्या काकूंना बोलावतात, स्वतःच्या हाताने पट्टीला हात लावत नाहीत. आणि पुतण्याने ठरवलं आहे की त्यांना आपल्याकडे, तुमच्याकडच्या मोठ्या शहरात घेऊन जायचं. माणूस वाईट नाही, खरोखर काळजीपोटी करतोय. बाईंचं घर भाड्याने देणार आहे. चाळीस वर्षं त्या घरात काढलेल्या बाईंना सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत ठेवणार, दिवसभर सोबतीला एक पगारी सोबतीण. बाई पेटी भरताहेत. आपलं डोकं ठिकाणावर नाही असं पटलेलं माणूस कोणत्या तोंडाने भांडणार?

मी किती भ्याले आहे ते तुला सांगते. नदीपलीकडच्या औषधवाल्याने एकदा मुदत संपलेली खोकल्याची बाटली विकली होती, आठवतं? कुणाला काही झालं नव्हतं. तरी दुकान बसलं, आणि त्याच्या पोरांना शाळेत मुदतबाह्य म्हणून हाका मारायचे. ते कुटुंब गाव सोडून गेलं, तरी त्या कोपऱ्याला लोक अजून तेच म्हणतात. माझा परवाना जाईल तर जाईल. पण सकाळी शटर वर केलं आणि समोरच्या फुटपाथवरून माणसं माझ्याकडे न बघता गेली तर काय करू? शिंपीमामा पाकीट हातात घेऊन एकेक पट्टी वाचतील तेव्हा मी कुठे बघू? पिल्लू इथल्या शाळेत जाईल तेव्हा ती कुणाची नात असेल? रोज पहाटे डोळा उघडतो आणि हेच सगळं छातीवर येऊन बसतं. मग वाटतं, बाई जाऊ देत, तिकडे पुतण्या सांभाळेल, चार महिन्यांत सगळे विसरतील. असं वाटलं की मला स्वतःची शिसारी येते, आणि तरी ते रोज वाटतं.

तू यायचं की नाही, ते माझ्यावरून ठरवू नकोस. मी आता या गावाची साक्ष द्यायच्या लायकीची राहिले नाही. शिवाय मला ते दोन रकाने जमलेच नाहीत. बाईंची खिडकी उघडली नाही हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांनीच माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आता हे कोणत्या रकान्यात घालू ते तूच सांग.

बाईंना न्यायला पुतण्या आज पाच वाजता गाडी घेऊन येणार आहे. समोरची टपालपेटी साडेचारला उघडतात. फोन करून तुला हे सांगता आलं असतं, पण फोनवर मी रडले असते, तू माझी समजूत घातली असतीस, आणि मला तेवढंच पुरलं असतं. मी स्वतःला ओळखते, ठकू. नुसतं मनाशी ठरवून निघाले तर बाईंच्या दारात जाईन, प्रवासाला चार गोळ्या बांधून देईन, डोळे पुसेन आणि परत येईन. म्हणून हे पत्र आधी पेटीत टाकणार आहे. एकदा ते आत पडलं की परत काढता येत नाही. परवा ते तुझ्या हातात असेल, आणि मग मी गप्प बसले तरी तू गप्प बसणार नाहीस, तशी मीच तुला वाढवली आहे. चार वाजून दहा मिनिटं झाली. पाकिटावर पत्ता लिहिला आहे, चिठ्ठी पदराला बांधली आहे. बाईंना पुतण्यासमोर सांगायचं, काकूंसमोर सांगायचं, की बाई चुकल्या नाहीत, मी चुकले. एवढं एकच वाक्य आहे, मघापासून ते म्हणून बघते आहे. आता तिकीट लावते आणि शटर वर करते.

तुझीच, भेदरलेली
आई