विसरायचं पाणी

८ मे
फुलपात्रातलं पाणी आज पुन्हा बोटभर कमी. प्रमिलाबाई — माझी धाकटी नणंद — केवढ्या खूश! “भाऊ येऊन पेऊन गेला.” यांच्या फोटोपुढे दहाव्यापर्यंत रोज पाणी ठेवायचं, अशी पद्धत. वर्ध्याचा मे आहे, उघडं पाणी आटणारच.

९ मे
कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची, तेव्हा दर रविवारी यांच्या स्कूटरवर पवनारला. धाम नदीतल्या खडकावर बसून सोमवारचा तास आधी यांच्यावर घ्यायची. बियाण्यांच्या दुकानदारापुढे ग्रीक तत्त्वज्ञान! शेंगदाणे सोलत ऐकायचे आणि पोरांपेक्षा जास्त शंका काढायचे.

ग्रीकांमधले काही म्हणत, आत्मा नवा देह घेण्याआधी विस्मरणाच्या नदीचं पाणी पितो. मागचं सगळं पुसलं जातं. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं वेगळं — मेलेला माणूस जणू झोपलाय, एक दिवस आपल्याच देहानिशी उठेल. यांना ते फार पसंत. “म्हंजे तोंड हेच राहीन ना? मंग माहा चष्मा संग ठेवजो.” हसून हसून पुरेवाट झाली होती माझी.

मग पाण्याकडे बघत म्हणाले, “ते नदीचं पाणी मी पेणार नाई. तहानलेला राहीन, पण तुले इसरणार नाई.”

फार आठवण येते.

१२ मे
पाणी रोज कमी. ऊन आहे, कळतं मला. तरी सकाळी फुलपात्राकडे बघवत नाही. घोटाघोटानं विसरताहेत मला, असंच वाटतं. जन्मभर शिकवलं आणि ही अक्कल!

दुपारी प्रमिलाबाईंजवळ सगळं बोलून गेले — नदी, चष्मा, ते काय म्हणाले ते. त्या गहू निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

१३ मे
उद्या दहावा. संध्याकाळी प्रमिलाबाईंनी जमिनीवर पीठ पसरलं, मध्ये फुलपात्र, वर टोपली. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, तो यांचा पुढचा जन्म. मला नको कुणाचं पाऊल. मला हेच हवेत, चष्म्यासकट.

१४ मे
टोपली उचलली. पाऊल-बिऊल काही नाही. फुलपात्र मात्र काठोकाठ!

“पाहा वहिनी,” प्रमिलाबाई म्हणाल्या, “भाऊनं थेंबही नाई घेतला.”

त्यांच्या पदराला पीठ लागलं होतं. कुणी बघायच्या आत मी हळूच झटकून टाकलं.