परवानगी तोंडी होती

हरणी, बडोदे
१४ सप्टेंबर २०१४

चिरंजीव अनिशराव यांस,

सासऱ्याचे मनापासून आशीर्वाद. तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे? तुमची ॲसिडिटी? आम्ही दोघं, नीरा आणि मी, ठीक. हरणीहून अकोट्याला रिक्षाने येता येत असताना हा माणूस पत्र काय लिहितो, असं तुम्हाला वाटेल. पण चतुर्थीपासून मुग्धा माझा फोन उचलत नाही, आणि न बोलावता लेकीच्या दारात उभं राहायचा धीर मला होत नाही.

घडलं ते क्रमाने सांगतो, कारण तुमच्यापर्यंत ते रडण्यातून पोचलं असणार. निवृत्तीनंतर मी एका क्लासात एथिकल हॅकिंग शिकायला लागलो. (वर्गात मला सगळे अंकल म्हणतात. सरसुद्धा.) तिथला पहिला धडा असा, की दुसऱ्याच्या यंत्रणेला हात लावण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी. मला हे फार पटलं. आमचे आजोबा खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या कारभारात होते. लेखी हुकमाशिवाय ते खुर्चीसुद्धा हलवू देत नसत. पण मालक घरचाच असला की माणूस ढिला पडतो. पूजेला गुरुजी बुक करायच्या तुमच्या ॲपची तपासणी करू का, असं मी विचारलं, तेव्हा मुग्धा कुकर उतरवता उतरवता म्हणाली, करा हो बाबा, सरावाची प्रत वेगळी ठेवली आहे. तीच मी परवानगी धरली.

ॲप आणि सर्व्हर ज्या खिडकीतून बोलतात तिला एपीआय म्हणतात (तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र आधी नीरा वाचणार आहे). तुमची खिडकी माणसाला विचारते, तू कोण? पण ही नोंदणी तुझीच का, हे विचारत नाही. मी माझ्या नोंदणीचा क्रमांक बदलून दुसऱ्याचा घातला, तर त्याची नोंदणी उघडली. तिथे आमच्या घरचा पत्ता लिहिला, तर तोही मुकाट घेतला. मला झालेला आनंद लपवत नाही. लेकीच्या कामातली चूक आपल्याला सापडावी आणि ती तिला शांतपणे समजावून सांगावी, असं चित्र मी मनाशी रंगवलं होतं. म्हणून पक्की खात्री करायला चतुर्थीच्या सगळ्याच नोंदण्यांवर तो प्रयोग केला. मी खऱ्या ॲपवर बसलो होतो, सरावाच्या प्रतीवर नव्हे, हे मला नंतर कळलं.

चतुर्थीला सकाळी पहिले गुरुजी आले तेव्हा नीराने त्यांना कॉफी दिली. चौथ्यांनंतर दूध संपलं. जिन्यात चपला मावेनात. समोरच्या पटेलबेन डोकावून म्हणाल्या, "काका, आजे तमारे त्यां यज्ञ छे?" मी परोपरीने समजावत होतो, पण प्रत्येक गुरुजी फोनवरचा पत्ता दाखवत आणि पाटावर बसत. एकाच गणपतीची प्राणप्रतिष्ठा किती वेळा झाली, ते मोजायचं मी सोडून दिलं. त्याच वेळी गावभरातले यजमान सोवळं नेसून मुग्धाला फोन करत होते. ऐकणारे हसतात. मला हसता येत नाही. वर्षभर खपून तिने ते उभं केलं होतं, आणि पहिल्याच गणपतीत तिच्या बापाने ते पाडलं.

मी हे शिकायला का गेलो, ते कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं जेवायला आलात की पानावर कामाचं बोलता. मला त्यातलं काही कळत नसे. मग मुग्धा माझ्याकडे वळून, बाबा, झोप लागते ना, एवढंच विचारी. मला त्या बोलण्यात भाग घ्यायचा होता.

तुमचा,
सदानंद

ता. क. – प्रमाणपत्रासाठी क्लासला लेखी परवानगी दाखवावी लागते. चतुर्थीच्या आधीची तारीख घालून दोन ओळी पाठवाल का?

ता. क. २ – वरचं राहू द्या, प्रमाणपत्र नको. खरं काम असं, की तुमच्या ॲपमध्ये मला आणखी एक दोष सापडला आहे, पहिल्याहून मोठा. हात लावलेला नाही. नियमाप्रमाणे तो मी फक्त बांधणाऱ्यालाच सांगू शकतो, तोही समोरासमोर. एवढं मुग्धाला वाचून दाखवा आणि येत्या रविवारी तिला पाठवा.

ता. क. ३ – (हे वाचून दाखवू नका.) दुसरा दोष नाही. पण ती घरात येऊन बसेपर्यंत तिला कळू देऊ नका.