आवाज कसा होता ते सांग

प्रिय संपादकबाई,

अंक छापून आला. मुखपृष्ठाचा निळा आपल्याला हवा तसाच उतरलाय. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं कुठून सुरू करावं ते सुचत नाहीये. त्या दुपारपासून मी सुन्न आहे. आई ताट वाढते आणि मी नुसती बघत बसते.

कॉलेजच्या संगीत-अंकात तू मला ओढलंस तेव्हा मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फोटो बरे कापते, एवढ्याच भांडवलावर तू मला ‘कातरी’ करून टाकलंस. पान उलटं धरून बघ, म्हणजे कुठली बाजू जड झालीय ते कळतं, हे तुझ्याकडून शिकले. मथळा दारातून वाचता आला पाहिजे, आणि रिकामी जागा दिसली म्हणून तिथे फोटो कोंबायचा नाही, हेही. पण सगळ्यात जास्त छळलंस ते कार्यक्रमांवरून. प्रत्येक कार्यक्रमानंतर मला समोर बसवायचीस आणि म्हणायचीस, “आवाज कसा होता ते सांग.” मी म्हणायचे, छान होता. त्यावर तू, छान तर आजची हवाही आहे. मग मी डोकं खाजवून सांगायचे, व्हायोलिन काचेवरून बोट ओढल्यासारखं होतं, ढोल जिन्यावरून बटाट्याचं पोतं गडगडल्यासारखा. तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचीस. मला वाटायचं, किती मन लावून शिकवते ही. तू त्यावर परीक्षण लिहायचीस आणि अंक बघणारे सर ते सगळ्यांना वाचून दाखवायचे.

त्या दुपारी गाण्याच्या तालमीत स्पीकरची वायर जळली, धूर झाला आणि धोक्याची घंटा वाजली. आम्ही सगळे हातातलं टाकून मैदानात पळालो. सरांनी माणसं मोजली, तर तू नाहीस. कुणीतरी म्हणालं, पानं वाचवायला थांबली असेल वेडी. मी उलट्या पावली धावले. अंकाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, घंटा तुझ्या डोक्यावर ठणाणा करत होती, माझ्या दातांपर्यंत जाणवत होती, आणि तू दाराकडे पाठ करून एक फोटो केसभर डावीकडे सरकवत होतीस. मी दारातून ओरडले. पुन्हा ओरडले. तू पट्टी उचललीस, फोटोखालची रेघ तपासलीस. मी आत शिरले. शेवटी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तू दचकलीस आणि हसून म्हणालीस, “चहा आणलास का गं?”

मग तू माझा चेहरा वाचलास.

मी तुला मैदानात आणलं. तुझा दादा न्यायला आला, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. गेल्या वर्षी आधी उजवा कान गेला, मग डावाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर कळलं तर अंक हातातून काढून घेतील, म्हणून तू सगळ्यांना शपथ घातली होतीस. मी फाटकाला धरून उभी राहिले. वर्षभर मला वाटत होतं की तू मला लिहायला शिकवतेयस. तू तर माझ्याकडून ऐकत होतीस.

काल सरांनी तुझा राजीनामा दाखवला आणि खुर्ची मला देऊ केली. मी नाही म्हणाले. ज्या परीक्षणांवर सगळ्यांनी माना डोलावल्या ती कशी लिहिली गेली, तेही सांगितलं.  मग त्यांनी राजीनामा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तिचा तिला परत कर. तो सोबत पाठवतेय, फाड किंवा ठेव. मात्र शनिवारी बासरीचा कार्यक्रम आहे, मी जाणार आहे, आणि रविवारी सकाळी तुझ्याकडे येऊन पहिल्या फुंकरीपासून सगळं सांगणार आहे. दार उघडं ठेव. बेल वाजवत उभी राहायची माझी तयारी नाही.

तुझीच,
कातरी