आतलं विरजण

जळगाव,
रविवार, १५ जून २०२५

ती. आईंना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. राग माझ्या नाकावर आहे, पण डोकं तुमच्याच पायांवर. फोनच केला असता, पण फैजपूरला फोन ओट्यावर स्पीकर लावून पडलेला असतो. आबांपासून केळीच्या गाडीवाल्यापर्यंत सगळ्यांना माझं दुखणं कळलं असतं. म्हणून पत्र, आणि तेही तेजलपायी. तुमच्या या लेकीचा काल मला फोन आला होता. तिचं पुढे लिहिते.

इकडे माहेरी सगळे मजेत. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन मी चांगली फुगले आहे. सून रुसून गेली असं भाऊबंदांत सांगू नका हं. मी औषधाला आले आहे.

कशाचं औषध, ते वाचताना लाजू नका. दर महिन्याला तुम्ही मला गुलाबाच्या वासाची पॅड आणून द्यायच्या, प्रेमाने, भारीतली. पाचव्या दिवशी न्हाताना तुरटीच्या पाण्यात जंतू मारायचं औषध बूचभर ओतून आतून धुवायचं, मगच स्वयंपाकघरात पाऊल. तुमच्या सासूबाईंपासून चालत आलेलं. मी तर नुसतं पाचव्या दिवशी नव्हे, रोजच धुवायला लागले. खाज सुटली, आग व्हायची. धुवावं तितकं जास्तच बिघडायचं. मला तर वाटलं, कॅन्सरच झाला आपल्याला.

डॉक्टरबाई अशा ओरडल्या! "अगं, फरशी पुसायचं औषध तिथे? वेडी आहेस का?" तपासून काचेच्या पट्टीवर थोडं घेतलं आणि मला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून बघ म्हणाल्या. सगळं ओसाड. गोळ्या दिल्या. पॅड साधी, बिनवासाची, चार-सहा तासांनी बदलायची. बाहेरून नुसतं पाणी, आत काहीही नाही.

काल परत गेले. परत डोळा लावला आणि आई, काय सांगू तुम्हाला! बारीक बारीक काड्या, जिकडे बघावं तिकडे काड्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही तुझी राखणदार मंडळी. दह्याच्या विरजणातल्या जंतूंच्या भावकीतली. आत आंबटपणा धरून ठेवतात आणि रोगाला थारा देत नाहीत. वासाची पॅड काहींना चुरचुरतात, पण आतून धुतलं की हीच मरतात, मग नाही तो वास सुरू होतो." मी विचारलं, मग दही लावू का? "खबरदार! दही ताटात."

मी त्या दुर्बिणीसमोरून हलेचना. बाहेर बायका खोळंबल्या होत्या, खोळंबू देत. अंगावर काटा आला हो. पाळीत तुम्ही मला विरजणाला हात लावू देत नाही, नासेल म्हणून. आणि इथे माझ्या ओटीपोटात, कुणी न शिकवता, विरजण लागलेलं! मी झोपलेली असो, भांडत असो, रडत असो, ते आपलं राखण करतंय. बाईला घडवताना कुणीतरी केवढा विचार केला असेल! देव म्हणा, निसर्ग म्हणा, मला तर हात जोडावेसे वाटले. आणि आपण त्यावर बूच ओततोय.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. पापडाच्या दिवशी तुम्ही चार बायकांत मला विचारलं होतं, "काय वं मयुरे, कसला वास येऊ रायला तुह्या अंगाले?" सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून मी तुमच्या लेकाजवळ झोपले नाही. त्यांना वाटतं, ते मला आवडेनासे झाले. खरं तर मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते.

आणि आता तेजल. गच्चीवरून कुजबुजत होती, "वहिनी, मलाही आग होते. आई म्हणते, अजून एक बूच टाक." बारावीतली पोर, आई! ते पाणी आजच्या आज बंद करा. तुमचा मान ठेवून सांगते, तिला डॉक्टरांकडे आणलं नाहीत तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मग गावाला काय ऐकायचं ते ऐकू दे.

फोन ठेवता ठेवता ती आणखी एक बोलली. तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली, तरी तुम्ही अजून तसंच धुता. दार लावून. बाहेर येता तेव्हा डोळे लाल असतात.

हे ऐकलं आणि माझा सगळा राग गळून पडला. तुम्हाला कुणी विचारलं होतं वासाचं, आई? आणि किती बायकांसमोर?

मी डॉक्टरबाईंकडे नंबर तिघींचा लावते आहे. या.

तुमच्याइतकीच, मुळातून स्वच्छ,
मयुरी