समोरून धरलेला चष्मा

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी इथे येऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत आईची अकरा पत्रं आली आणि तुमचं एकही नाही. प्रत्येक पत्रात आई लिहिते की हे बरे आहेत. बरे आहात हे वाचून बरं वाटतं, पण तुमच्या हातचं वाचलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं. घरात सुईदोरा असताना परगावी काचा घासायला कशाला जायचं, हा तुमचा प्रश्न मी विसरलेले नाही. उत्तर तोंडी देता आलं नाही, म्हणून लिहून देते.

माझ्या खोलीपासून दुकान सात मिनिटांवर आहे. वाटेतली बेकरीवाली दारात उभी असली तर बारा मिनिटं, कारण ती कालची उरलेली बातमी आणि आजचा ताजा पाव एकदमच देते. गाव एवढंसं आहे की तिसऱ्या दिवशी मला रस्त्यात लोक ‘चष्मेवाली’ म्हणून ओळखायला लागले. आमच्या मालकांना सगळे काचकाका म्हणतात. त्यांचा तक्त्यावरच्या अक्षरांवर विश्वास नाही. नवा चष्मा घातला की ते गिऱ्हाइकाला दारात नेतात आणि समोरच्या किल्लीवाल्याची पाटी वाचायला सांगतात. पाटीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत एक ओळ आहे. ती वाचता आली की चष्मा पास, आणि किल्लीवाला तिकडून हात वर करतो. ती ओळ काय आहे ते मी लिहिणार नाही. यायचं आणि स्वतः वाचायचं.

परवा एका आजींनी पाटी वाचायची सोडून शेजारी उभ्या असलेल्या आजोबांकडे पाहिलं, आणि यांची दाढी दोन वर्षं अर्धवट होते आहे हे मला कुणीच कसं सांगितलं नाही, म्हणून आमच्यावरच रागावल्या. बाबा, या एका क्षणासाठी मी दिवसभर काचा घासते. तो क्षण रोज तीन-चार वेळा तरी येतो.

काकांचे दोन नियम आहेत. फ्रेम नेहमी काड्या आपल्याकडे करून धरायची, जणू आपणच घालणार आहोत, म्हणजे त्यांचा उजवा तो आपला उजवा. आणि आपलं काम आपण तपासायचं नाही, माझं त्यांनी आणि त्यांचं मी. एक जानेवारीपासून सहा महिने माझ्या हातचा एकही चष्मा परत आला नाही, तर काच बसवायचं टेबल कायमचं माझं. एक महिना झाला, एकही परत आलेला नाही. तोंडावर हात ठेवून लिहिते आहे, दृष्ट लागू नये.

राग संपला असेल तर दोन ओळी लिहा. संपला नसेल तर रागाच्याच लिहा.

तुमची,
टिटवी


ता. ११ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

लिहायचं नाही असं ठरवलं नव्हतं, सुचत नव्हतं. आता कारण मिळालं आहे. काल दुपारी मी माझ्या चष्म्यावर बसलो. तुझ्या आईचं म्हणणं, चष्मा खुर्चीवर ठेवणाऱ्या माणसाने बसण्यापूर्वी मागे बघावं. माझं म्हणणं, चष्मा डोळ्यांवर नसताना बघणार कसं? यावर ती उठून चहा ठेवायला गेली, म्हणजे मी जिंकलो असावा.

काचा गेल्या, फ्रेम शाबूत आहे. तीच ती गोल फ्रेम, तू लहानपणी ओढायचीस ती. इथल्या दुकानदाराकडे देणार होतो, पण तुझ्या आईने जिभेला धार लावली: पोटची पोर चष्मे करते आणि बाप दुसऱ्याच्या दारात जातो. म्हणून फ्रेम आणि डॉक्टरांची नवी चिठ्ठी पाठवतो आहे. उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याच्या दुपटीहून जास्त निघाला. चाळीस वर्षं सुईच्या नाकात उजव्यानेच बघितलं, दुसरं काय होणार.

घाई नाही. पण कोटाची तीन कामं अडून बसली आहेत, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
बाबा


ता. १९ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चष्मा याच पुडक्यात आहे. आधी तो घाला आणि मग पत्र वाचा.

तुमचं पत्र मी दुकानात वाचलं, मग बेकरीत जाऊन वाचलं, आणि बेकरीवालीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली की चष्म्यावर बसणारी माणसं मनाने चांगली असतात. तिचा नवराही बसायचा म्हणे.

हे काम दुकानाच्या वहीत घातलं नाही. हे माझं काम होतं. काका दुपारी जेवायला घरी गेले, तेव्हा टेबल मोकळं होतं. काचा घासल्या, कडा गोल केल्या, फ्रेम किंचित गरम करून बसवल्या. फ्रेम हातात घेतली आणि तुम्हीच समोर दिसायला लागलात, मशीनवर वाकलेले, ओठांत टाचण्या धरलेले. सगळा वेळ दिसत होतात. इतकं मन लावून मी आजवर एकही काम केलेलं नाही. टपालाची वेळ होत आली होती, म्हणून काका यायच्या आत पुडकं बांधलं आणि धावत सुटले.

कसा झाला आहे ते खरं खरं कळवा. तीन महिने अठरा दिवस झाले, अजून एकही चष्मा परत आलेला नाही.

आईला नमस्कार, आणि खुर्चीलाही.

तुमची,
टिटवी


ता. ३० एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

चष्मा मिळाला. काम सफाईदार आहे. कडा अशा गोल केल्या आहेस की बोट फिरवलं तर अडत नाही. शिंप्याचं बोट कडेला फसत नाही, तेव्हा ही उगाच केलेली स्तुती समजू नकोस. एवढा गुणी चष्मा मी पाहिला नाही. मनात आणलं तर दोन्ही बाजूंनी वापरता येईल.

हल्ली सुईत दोरा तुझी आई ओवून देते. तिलाही हाताला काम हवं. बारीक रेघांचं कापड मी या मोसमात घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. गिऱ्हाईक बदललं आहे, लोकांना साधं कापड जास्त आवडतं. जिना उतरताना हात धरून उतरतो, या वयात सगळेच उतरतात.

तुझे सहा महिने जूनअखेर पुरे होतात ना? मी पंचांगावर खडूने खूण केली आहे. तोपर्यंत कशाचीही काळजी करू नकोस.

तुझा,
बाबा


ता. २१ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवलं आहे. काम कंटाळवाणं झालं की काढते आणि बोट फिरवायची ती ओळ वाचते.

इकडे उन्हं वाढली, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. चार वाजता काका चहा करतात. किल्लीवाला आपला कप घेऊन येतो. कप त्याचा आणि चहा आमचा, असा गेल्या वीस वर्षांचा रिवाज आहे. शाळेतल्या एक बाई दर पंधरवड्याला चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला येतात. तो कधीच सैल नसतो. काका तो आधी सैल करतात आणि मग घट्ट करतात, म्हणजे बाईंना पाच मिनिटं बसता येतं. मोठ्या शहरात अशी पाच मिनिटं कुणाकडे असतात हो?

बारीक रेघांचं कापड तुम्ही घेत नाही हे वाचून नवल वाटलं. रेघ कॉलरवर अचूक जुळवणं ही तर तुमची मिजास होती. आळशी झालात की काय? कळवा. एक महिना दहा दिवस उरले.

तुमची,
टिटवी


ता. ९ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. आधी थोडी बस, मग वाच.

गेल्या आठवड्यात हेडमास्तरांचा कोट शिवून झाला. त्यांनी घालून बघितला तर एक खिसा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर. हेडमास्तर सज्जन, ते म्हणाले की वरच्या खिशात हात लवकर पोहोचेल. हे हसले, पण जेवले नाहीत. चाळीस वर्षांत ह्यांच्या हातून असं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आज दुपारी मी चहा घेऊन अचानक दुकानात गेले, तर हे चष्मा उलटा घालून बसलेले. उलटा म्हणजे खालची बाजू वर, काड्यांची वाकडी टोकं आकाशाकडे. कानांवर राहीना म्हणून मागून काळं इलॅस्टिक शिवून घेतलेलं. शिवण अगदी नेटकी होती, ते मात्र सांगायला हवं. नाकाच्या बाजूने कातडी सोलवटली आहे. कुणी आलं की हे चष्मा सरळ करतात आणि चाचपत माप घेतात. कोटाच्या खिशांवर खुणा केल्या तेव्हा हेडमास्तर समोर उभे होते, म्हणून चष्मा सरळ होता.

मी खनपटीला बसले तेव्हा बोलले. पहिल्या दिवसापासून धुरकट दिसतं, डोकं ठणकतं. आठवड्याभरात कळलं की उलटा घातला की सगळं स्वच्छ. मी म्हटलं, मग पोरीकडे परत का नाही धाडला? तर म्हणाले की परत धाडला तर तो परत आलेला चष्मा होईल, तिचे सहा महिने जातील. दहा महिने मी तिच्याशी बोललो नाही, त्यापुढे दोन महिने डोकं दुखलं तर काय मोठंसं. इथे दुसरा करून घेऊ म्हटलं, तर त्यालाही नाही म्हणाले. पोरीने केलेला आहे म्हणे.

मला चष्म्यातलं कळत नाही. तुला कळत असेल तर बघ. आणि ह्यांच्यावर ओरडू नकोस, ते काम मी आजच करून टाकलं आहे.

तुझी,
आई


ता. १५ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका. राग मला आला आहे, आणि तो तुमच्यावर आहे. माझ्यासाठी तुम्ही स्वतःचे डोळे आणि स्वतःचं नाव पणाला लावलंत, हे मला आवडलेलं नाही. जन्मात विसरता येणार नाही हेही खरं.

उलटा घातला की स्वच्छ दिसतो, हे वाचल्याबरोबर मला कळलं. गोल फ्रेम उलटी केली की उजवी काच डावीकडे जाते. म्हणजे मी उजवी-डावी काच अदलाबदल करून बसवली होती. शिकाऊ मुलगीसुद्धा पहिल्या आठवड्यानंतर ही चूक करत नाही. मी आतापर्यंत दोनशेच्या वर चष्मे केले आणि एकदाही केली नाही.

पत्र घेऊन काकांकडे गेले. लपवता आलं असतं, काम वहीत नव्हतंच. पण काकांचे दोन नियम होते आणि तुमच्या चष्म्यापुरता त्यातला एक तर मी जाणूनबुजून मोडला होता. काकांनी सगळं ऐकलं आणि एक गोल फ्रेम माझ्या हातात दिली. त्या दिवशी कशी धरली होतीस ते दाखव, म्हणाले. मी डोळे मिटून तो दिवस आठवला, आणि हात आपोआप फिरले. काड्या माझ्याकडे नव्हत्याच, पलीकडे होत्या. फ्रेम माझ्याकडे तोंड करून होती. बाबा, दोनशे लोकांचे चष्मे मी त्यांच्या बाजूने धरले. तुमचा एकट्याचा समोरून धरला, कारण तुम्ही समोर दिसत होतात. तुमच्या उजव्या डोळ्याची काच मी माझ्या उजव्या हाताला बसवली.

काका बराच वेळ स्वतःचाच चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की परत आलेला चष्मा तो परत आलेला चष्मा. सहा महिने आजपासून पुन्हा मोजायचे. मी मान डोलावली आणि मागच्या मोरीत जाऊन रडले. बाहेर आले तर चार वाजले नव्हते तरी चहा झाला होता.

मी इथेच राहणार आहे. पुन्हा सहा महिने काढीन. तुम्ही तो चष्मा उद्याच्या उद्या टपालात टाका. या वेळी काका तपासतील.

तुमची,
टिटवी


ता. २२ जून

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

चष्मा टपालात टाकणार नाही. मी तो घालून सोमवारच्या सकाळच्या बसने येतो आहे. उलटाच घालून येईन, लोक हसले तर हसू देत. हेडमास्तरांच्या कोटाचे खिसे उसवून पुन्हा लावले. ते म्हणाले, दोन बोटांचीच सवय झाली होती.

पंचांगावरची जूनची खूण पुसली आणि डिसेंबरात नवी केली. तुझे सहा महिने माझ्यामुळे गेले असं म्हणणार होतो, पण तुझी आई म्हणते की दोघांनी मिळून घालवले.

तुला एक सांगतो. गिऱ्हाइकाचं माप नेहमी मागे उभं राहून घ्यावं, समोरून घेतलं की डावं-उजवं फिरतं. माझ्या उस्तादांनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. जाताना तुला एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण तू निघालीस तेव्हा मी दुकानात पाठ करून बसलो होतो. तू दारात उभी होतीस ते मला माहीत होतं. मशीन चालू होतं, पण सुईत दोरा नव्हता.

तेव्हा पाठ दाखवली, म्हणून आता तोंड दाखवायला येतो. तुझ्या समोरच्या खुर्चीत बसेन. माझ्याकडे हवं तितकं बघून घे. मग फ्रेम फिरव, काड्या तुझ्याकडे कर, आणि कामाला लाग.

काचकाकांना नमस्कार सांग. त्यांच्या कोटाचं कापड सोबत आणतो आहे, बारीक रेघांचं. लोभ होताच, इतके दिवस उलटा घातला होता एवढंच.

तुझा,
बाबा

ता. क. पाटीवरची ती बारीक ओळ मी कुणालाही विचारलेली नाही. किल्लीवाल्याला सांगून ठेव, सोमवारी हात वर करायला तयार राहा म्हणावं.