अद-दूरच्या कुंपणाजवळ सापडलेलं खापर

इंटरनॅशनल सिटी, दुबई

प्रिय इद्रीस,

माझा नमस्कार, आणि तुझ्या पद्धतीने सलाम. गुडघा आता जिना चढू देतो का? जैनबभाभींना कुंदाने विचारलंय. आमच्या वाडीला तू पाणी लावतोस, त्यातलं निम्मं तुझ्या वाडीत वळवत असशील हे मी धरून चाललो आहे. आम्ही दोघं खुशाल. नीरव आणि सूनबाई काही कमी पडू देत नाहीत. घर थंड आहे. (इतकं, की कुंदा भर दुपारी शाल पांघरून चहा पिते.)

गेल्या शनिवारी नीरवने आम्हाला सरप्राइज म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर दाखवायला नेलं. तू रास अल खोरच्या गोदामात उमेदीची वर्षं काढलीस, पण रास अल खैमाच्या वाटेवर, उम्म अल क्वैनमध्ये, अद-दूर नावाचं असं काही आहे हे कधी बोलला नाहीस. तिथे रोमन काच आणि ग्रीक धाटणीची नाणी सापडली, असं मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. (सरप्राइज सूनबाईने मला आधीच सांगितलं होतं. इतिहासाच्या मास्तराला तयारीविना नेणं बरं नव्हे.) आपल्या चौलची गलबतं याच किनाऱ्याला लागत असणार, हे मी गाडीत नातीला, सान्वीला, तासभर समजावलं. ती कानांत यंत्रं घालून "ओके आजोबा" म्हणत होती.

पोचलो तर तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. आधी चौकशी करावी हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आत वाळू, झुडपं, गुडघाभर भिंती. समुद्रसुद्धा दिसेना. नीरव "यल्ला" म्हणून गाडी वळवू लागला, तर कुंदा म्हणाली, आलोच आहोत तर जेवून घेऊ. तिने डब्यांबरोबर लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली होती, माझ्या आईच्या वेळची, तपकिरी-पांढरी. (विमानात ती रिकामी बरणी माझ्या मांडीवर बसून आली, इथे भरली.) पानं मांडेपर्यंत मी कुंपणाच्या कडेने पाहणीला निघालो.

परत येताना, गाडीपासून थोड्याच अंतरावर, वाळूत एक खापर दिसलं. जाड, चकाकणारं, काठ गोल. मी सगळ्यांना हाक मारली. शेजारच्या गाडीतलं हैदराबादी कुटुंबही आलं, म्हणून व्याख्यान हिंदीत दिलं. अशी भांडी आमच्या चौलहून यायची, त्यातून काय काय जायचं, घडण कशी ओळखावी, सगळं. हैदराबादी गृहस्थ म्हणाले, "मास्टरजी, ये तो म्यूझियम में जाना चाहिए." सान्वीने खापर नाकाशी नेलं. "आजोबा, इट स्मेल्स लाइक लोणचं."

झालं होतं असं, की डिकीतून काढताना बरणी कुंदाच्या हातून सटकली होती. तिने तुकडे गुपचूप पिशवीत भरले, एक राहिला. तरी माझं म्हणणं कायम आहे. बरणी चौलचीच होती, आणि लोणचंही चौलच्याच हातचं. हैदराबादी कुटुंबाला मी एवढंच सांगून निरोप दिला. नीरव म्हणाला, "आई, ड्रॅगन मार्टमध्ये अशा पन्नास मिळतील." मिळतीलही. कुंदाने तुकड्यांची पिशवी घरी येईपर्यंत मांडीवर धरली होती, आणि मलाही फार वाईट वाटलं.

तुझा,
वासुदेव

ता. क. नीरव आमचे इथे कायम राहण्याचे कागद करतोय. मायेने करतोय, म्हणून नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला घरी यायचं आहे, इद्रीस. तेव्हा तू नीरवला फोन कर आणि सांग, विहिरीचा पंप जळाला, सुपाऱ्या सुकताहेत, वासुदेवाशिवाय काही चालत नाही. वाढवून सांग, ते तुला शिकवायला नको.

ता. क. २. तो फोन स्पीकरवर टाकतो, हसू नकोस. कुंदाला मी विचारलेलं नाही. बरणी फुटल्यापासून विचारण्यासारखं काही उरलं नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आत हे घडलं. सान्वीने ते खापर धुऊन आपल्या टेबलावर ठेवलंय आणि खाली कागदावर "चौल" लिहिलंय, मराठीत. मला विचारत होती, चौलची माणसं इथे माल उतरवून लगेच परत जायची का? मी सांगितलं, छे, वारा फिरेपर्यंत थांबायलाच लागायचं. ती म्हणाली, "गुड," आणि कानांतली यंत्रं काढून माझ्याजवळ बसली. तेव्हा फोन आत्ता नको, मिरगाच्या तोंडावर कर. तोवर पंप नीट ठेव, आणि यंदाचे आंबे तुम्हीच खा.