भिंत गार होईपर्यंत

प्रिय बारक्या,

तू मावशीकडे आहेस एवढंच कळलं, म्हणून पत्र तिच्या पत्त्यावर टाकतेय. फोन तर तू उचलतच नाहीस.

रंगारीकाका अजून दवाखान्यातच आहेत. दोन्ही हात भाजलेत. काकू मला बघून तोंड फिरवतात. तुझे भावजी घरात असून नसल्यासारखे. काल उकळत्या पातेल्यातला लोखंडी डाव तसाच धरला, चटका बसला तरी सोडेनात. शेवटी मीच हात ओढला.

तू भावजींकडे वेल्डिंगच्या कामाला लागलास, त्या पहिल्या दिवशी त्यांनी तुला सळई धरायला लावली होती, आठवतं? एक टोक आगीत, दुसरं तुझ्या मुठीत. गार तर आहे म्हणालास, आणि मग अशी फेकलीस की आम्ही पोट धरून हसलो. आग बंद केली तरी लोखंडातली धग पुढे सरकत राहते, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून तर ते भिंतीपलीकडे माणूस उभा करतात. भिंतीतून आरपार जाणाऱ्या पाइपवर ओलं फडकं, भिंतीला तळहात, आणि वेल्डिंग थांबलं तरी भिंत गार होईपर्यंत हलायचं नाही.

त्या दिवशी गोदामात तो माणूस तू होतास. वेल्डिंगचा आवाज थांबला आणि तू निघालास. काम संपलं असं कुणालाही वाटलं असतं. पण पाइपमधून धग पलीकडे गेली, भिंतीतला फोम आतल्या आत धुमसत राहिला, आणि वर माळ्यावर काका रंग देत होते.

चौकशीत भावजींनी तुझं नाव घेतलेलं नाही. पलीकडे मी कुणाला उभंच केलं नव्हतं, असं सांगून बसलेत. सोमवारी त्या जबाबावर सही करणार. मग लायसन्स जाईल, कदाचित तुरुंगही. मी पाया पडले, भांडले, जेवण टाकलं. ‘तुझा एकुलता एक भाऊ आहे,’ एवढंच मला म्हणतात. जसे काही ते माझे कुणीच नाहीत. मला दोघांचाही संताप येतो, आणि रडूही येतं. काय करू सांग.

हे त्यांच्या नकळत लिहितेय. सोमवारच्या आत ये रे, आणि स्वतःच्या तोंडाने सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास, तर त्यांच्या आधी मी चौकशीवाल्यांपुढे जाईन आणि तुझं नाव देईन. ते दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायला नको, म्हणून हे पत्र.

अजूनही तुझीच,
ताई